बायोडाटा फायनल

आमच्या घरात मोबाईल फक्त मला कळतो, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ते पटायलाही सोपं होतं. मी बी.कॉम. झालेली, दिवसातले सहा तास मोबाईल हातात, आणि माझ्या रिल्सना श्रीगोंद्यात बरे लाइक पडायचे. आई अंगणवाडी सेविका. मुलांची वजनं मोबाईलवर भरायचं काम मागं लागलं, तेव्हा ती एकेक बटण वहीत लिहून घ्यायची. मी हसायचे. (तेही तिच्या तोंडावर.)

त्या उन्हाळ्यात नागापूरच्या एका कारखान्यात ऑफिसची जागा निघाली. त्यांनी ईमेलवर बायोडाटा मागवला. त्याच आठवड्यात खर्ड्याचं स्थळ आलं, त्यांनीही बायोडाटाच मागितला. एक नोकरीचा, एक लग्नाचा. दोन्ही माझ्या मोबाईलमध्ये होते आणि दोन्हींचं नाव ‘बायोडाटा फायनल’. मी अंदाजानं एक इकडे पाठवला, एक तिकडे. फाइल उघडून बघायची असते हे माहीत होतं, कंटाळा केला.

चार दिवसांनी मुलाच्या आईचा फोन आला. आईनं स्पीकर लावला.

“ताई, पोरगी लई कामाची हाय म्हनायची. दबावाखाली बी काम करती, जादा वेळ थांबायची बी तयारी हाय, असं लिवलंय.”

“व्हय, तशी गुनाची हाय,” आई म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

“पन पगार किती घेनार, ते बी लिवलंय. ते काय समजलं न्हाई.”

आईला समजलं. फोन ठेवून तिनं विचारलं, “कारखान्याचं काय उत्तर आलं?”

“फोनच आला नाही.”

“ईमेल बघितला?”

ईमेल मी फक्त पाठवायला उघडला होता. तिथे काही येतही असेल, हे डोक्यात आलंच नव्हतं. आईनं चष्मा लावून उघडला. पत्र दोन दिवसांपूर्वीच आलेलं होतं.

‘आपली उंची, रास व अपेक्षा कळल्या. कंपनी निर्व्यसनी आहे, परंतु सरकारी नोकरीत नाही. कृपया शिक्षणाचा तपशील गुरुवारी पाच वाजेपर्यंत पाठवावा.’

तो गुरुवारच होता आणि चार वाजून गेले होते. मला रडू फुटलं. नोकरी लागली तर लग्न दोन वर्षं लांबवू, असं पप्पांनी कबूल केलं होतं.

“रड नंतर,” आई म्हणाली. “आदी फाइल उघड. मोठ्यानं वाच.” वाचली. “आता पत्ता वाच.” वाचला. “आता पाठव.” पाचला दहा कमी असताना ती गेली.

मुलाखतीला बोलावलं. तिथल्या मॅडमनी एक फाइल दिली आणि म्हणाल्या, “ही मला ईमेल करून दाखवा.” मी ती दोनदा वाचली, तीही मोठ्यानं. मग पाठवली. मॅडम थांबून राहिल्या. त्यांच्याकडे काही आलं नाही. शोधल्यावर ती माझ्याच इनबॉक्समध्ये सापडली.

“फाइल बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “सुधारणा आहे.”

त्यांनी मला घेतलं. खर्ड्याच्या लोकांना पप्पांनी नम्रपणे नाही कळवलं. आता मी रोज बसनं नागापूरला जाते. मॅडमनी मला गेटजवळचं टेबल दिलंय. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं मी पेनानं रजिस्टरमध्ये लिहिते. माझं अक्षर फार चांगलं आहे, असं त्या सगळ्यांना सांगतात. कॉम्प्युटरबद्दल त्या अजून काही बोललेल्या नाहीत.