भिंतीवरची चिकटपट्टी

झाडाला पाणी घालण्याआधी ती त्या पाण्याचा एक थेंब जिभेवर ठेवायची. मचूळ लागलं तर बादली बाजूला सारायची. माती तळहाताने नाही, हाताच्या पाठीने बघायची. ताप बघावा तशी. कुणाच्याही फाटकाची कडी न वाजवता आत यायची, चपला मात्र बाहेर काढायची, अंगण मातीचं असलं तरी. सुकलेल्या रोपाला पेशंट म्हणायची. आणि निघताना म्हणायची, "काही लागलं त आवाज द्या." हे ती माणसांना सांगते की झाडांना, ते कळायचं नाही.

माया गवई. दवाखान्यातली नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, तरी बार्शीटाकळी रोडवर प्लॉट पाडून वसलेल्या त्या लेआउटमध्ये सगळे तिला सिस्टरच म्हणत. फक्त शेजारची नीलम तिला ‘मावशी’ म्हणायची.

अकोल्यात घर बांधलं की माणसाला हिरवळ हवी असते. मावशी हसायची. लॉन म्हणजे जावई, म्हणायची, कितीही मान द्या, उन्हाळ्यात रुसतेच. मग ती त्या माणसाच्या अंगणात कन्हेर, सीताफळ, शेवगा लावून द्यायची आणि भांडी विसळलेलं पाणी कुठल्या आळ्यात जाईल ते दाखवायची. बोअरचं खारट पाणी अडीनडीलाच. लोक कुरकुरत. पुढच्या वर्षी शेवग्याच्या शेंगा घेऊन तिच्याकडे जात.

त्या मे महिन्यात नीलमच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरपा खाली. बोट जाईल एवढा. भिंतीच्या पलीकडे कडुनिंब होता. नीलमचे वडील मोतीराम एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. बिघाड दिसला की पार्ट काढून टाकायचा, ही त्यांची रीत. त्यांनी झाड तोडणाऱ्याला सांगून टाकलं.

खोली पश्चिमेची. दुपारनंतर सगळं ऊन त्या भिंतीवर. कडुनिंब होता म्हणून नीलम तिथे बसून नेट परीक्षेचा अभ्यास करू शकत होती. झाड गेलं की खोली गेली, आणि दुसरी खोली नव्हती. ती एकदा बोलून बघायला गेली. मोतीराम म्हणाले, "घर पडल्यावर सावलीत बसजो."

तिने मावशीला सांगितलं.

मावशी आली. झाडाकडे तिने पाहिलंच नाही. भिंतीलगतच्या जमिनीकडे पाहत राहिली. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात. त्यातून साप-विंचू येतात म्हणून मोतीराम दर मे महिन्यात त्या भेगा विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवत. काम सुबक होतं. त्याचा त्यांना अभिमानही होता.

मावशी खाली बसली. "भाऊ, भिंतीले तुमीच धक्का देऊन राहिले."

"मी? काहून?"

"काळी माती उन्हाळ्यात तोंड उघडते, पावसाळ्यात मिटते. तुमी तिच्या तोंडात विटा कोंबल्या. आता ते तोंड मिटाले जाईन, त दाब कोणावर येईन?"

मावशीने मोतीरामांना आपल्या घरी नेलं आणि स्वतःच्या कंपाउंडची भिंत दाखवली. ती एका अंगाला कलली होती. "मीबी हेच केलं होतं. पाहा, कशी दारू पेल्यावानी उभी हाय." त्या आठवड्यात मोतीराम पहिल्यांदा हसले.

पण झाडालाही तिने सोडलं नाही. कडुनिंब काही साधू नाही, म्हणाली. तो भिंतीखालचं पाणी ओढतो, माती आकसते, पाया खचतो. दोघांच्या मधे आडकाठी हवी. तिने एक पावसाळा मागून घेतला. तेवढ्यात तडा वाढला तर झाड तोडणाऱ्याला ती स्वतः बोलावणार होती. मोतीराम कबूल झाले.

सगळ्यांनी मिळून काम धरलं. भेगांतल्या विटा उकरून काढल्या. गच्चीचं पाणी पायाशीच पडत होतं, तो पाइप वळवून लांब, झाडाच्या पलीकडे सोडला. मग झाड आणि भिंत यांच्यामध्ये कमरेएवढा चर. वाटेत आलेल्या मुळ्या मावशीने स्वतः कापल्या, एका घावात. चरात जुने टिनाचे पत्रे उभे केले आणि मुरूम भरला. ओट्यापासून खिडकीपर्यंत काम आलं आणि पाऊस लागला. माती फावड्याला चिकटायला लागली. मोतीरामांना थांबायचं नव्हतं. मावशीने फावडं काढून घेतलं. ओल्या जखमेत टाके बसत नाहीत, म्हणाली.

जाताना तिने तड्यावर आडव्या तीन पट्ट्या चिकटवल्या. दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी. प्रत्येकीवर बॉलपेनने तारीख.

नीलम रोज उठल्यावर आधी त्या पट्ट्या बघायची. भादव्यात झड लागली तेव्हा खालच्या पट्टीला सुरकुती पडली. ती छत्री न घेताच मावशीकडे पळाली.

"फाटली का?"

"नाही. गोळा झाली."

"मंग रडून काहून राहिली? जखम मिटून राहिली नं."

धम्मचक्र प्रवर्तन दिन झाल्यावर मावशी अमरावतीला लेकीकडे गेली. निघताना फाटकातूनच तिने मोतीरामांना मुरूम आणून ठेवायला सांगितलं. आल्या आल्या कोपऱ्यापर्यंत काम न्यायचं होतं.

फोन पायलचा आला, मावशीच्या लेकीचा. आई दुपारी जेवून आडवी झाली, उठलीच नाही. नीलम ऐकत होती. काहीतरी बोलायला हवं होतं. एम.ए.ला तिने शोकावरच्या कितीतरी कवितांवर उत्तरं लिहिली होती. तिच्या तोंडून निघालं, "पण मुरूम आलाय."

पायल म्हणाली, "हो. तिनं सांगतलं होतं."

दिवाळीनंतर झाड तोडणारा आपणहून विचारायला आला. मोतीराम त्याला भिंतीपाशी घेऊन गेले. तडा होता, पण केसाएवढा. तिन्ही पट्ट्या धड होत्या. शाई पुसट झाली होती, तारीख वाचता येत होती. मोतीरामांनी पट्टीवरून बोटाची पाठ फिरवली.

"पेशंट बरा हाय," ते म्हणाले. "तू जाय."

नीलम आतून ऐकत होती. तिने पुस्तक पुन्हा उघडलं. पानावर कडुनिंबाची सावली हलत होती.

चर खिडकीपर्यंतच आहे. खिडकीपासून कोपऱ्यापर्यंतची माती वाळून तिला बारीक भेगा पडायला लागल्या आहेत. त्या कुणी बुजवलेल्या नाहीत. मुरमाचा ढीग फाटकाशी आहे, उरलेले पत्रे भिंतीला टेकून. आणि दोन खुंट्यांमध्ये, चराची पुढची रेघ आखायला मावशीने बांधलेली सुतळी अजून ताठ आहे.