जनीच्या नावापुढचा शेरा

जनीने माऊसला हातही लावला नव्हता. तरी सरांनी तो पुसून काढला. फडकं मागितलं, मी दिलं. म्हणाले, "डोंगरातली डोकी. यांना जन्मात कॉम्प्युटर येणार नाही." वर्ग हसला. मीही हसले. हो, हसले.

इंदिरानगरातला क्लास. नव्वदच्या दशकाचा शेवट. सरकारी योजनेतून वसतिगृहातल्या तीन आदिवासी मुली आल्या होत्या. मी सरांची मदतनीस. जनी पेठकडची, डोंगरातल्या आदिवासी पाड्यावरची. मीही पेठचीच, पण क्लासात कुणाला पत्ता नव्हता. बोलणं घासूनपुसून शहरी केलेलं. नोकरीची भीती होती, आणि खरं सांगायचं तर लाज होती.

आठवडाभर तिघी मांडीवर हात ठेवून माझ्या बोटांकडे बघत बसायच्या. सर म्हणायचे, आळशी आहेत. मला कळत होतं. आमच्याकडे भाताच्या आवणीला नवी पोर एकदम रोप लावत नाही. मोठ्या बाईच्या मागे जुड्या घेऊन फिरते, तिचे हात बघते. बाई म्हणाली, लाव आता, की मग लावते. न सांगता हात घालणं म्हणजे आगाऊपणा. इथे मोठी बाई मी होते.

जनी हळूच म्हणालीसुद्धा, "बाई, तू सांगशील तवा हात लावीन." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

शनिवारी सरांनी यादी पुढे केली. म्हणाले, जनीपुढे लिही, शिकण्याची इच्छा नाही. मी लिहिलं, चांगलं सुवाच्य. तिची जागा गेली. आईबापाबरोबर ती द्राक्षाच्या कामाला गेली, असं उरलेल्या दोघींनी सांगितलं. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेच सहन होईना.

पुढच्या शनिवारी त्या दोघींची पाळी आली. मी पेन खाली ठेवलं.

"सर, या मी सांगायची वाट बघतायत. मीही पेठची आहे."

मी दोघींच्या मध्ये जाऊन बसले आणि म्हटलं, लावा आता. त्यांनी लावला हात. महिनाअखेरीला मला काढून टाकलं.

दोघी शिकल्या. जनी नाही शिकली. सरांना आमची रीत ठाऊक नव्हती. मला होती. म्हणून तिला घालवलं ते मी.

आता मी स्वतः शिकवते. प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगते, मी कुठली आणि जनीचं मी काय केलं. कुणी म्हणतं, जाऊ द्या बाई, जुनं झालं. नाही जाऊ देणार. मला माफी नको. माझ्या हाताने आता एकाही पोरीचं नाव कापलं जाणार नाही.