कुणी आलं तर?

तांदूळ मोजून झाले की मामा एकदा दाराकडं बघायचे. मग डब्यात हात घालून आणखी एक मूठ पातेल्यात टाकायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, “कुणी आलं तर?”

ती मूठ परत डब्यात टाकायचं काम माझं. केटरिंगचा कोर्स केला असं मी लोकांना सांगते, पण खरं विचाराल तर वर्षभर मी मामांची मूठ काढली. बाकीचं शिक्षण जाता-येता झालं.

राहात्याला, मोबाईलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची इन्स्टिट्यूट. शिर्डी जवळ, हॉटेलं वाढतायत, कोर्स संपला की नोकरी हातात, अशी जाहिरात वाचून वडिलांनी मला मिरजगावहून उचललं आणि राहात्यात मावशीकडं आणून टाकलं. वर्गात सगळी माझ्याच वयाची, मोबाईलात तोंड खुपसून बसलेली. पहिल्याच दिवशी दारात साठीला टेकलेला एक माणूस उभा. पांढरी टोपी, पायजमा, हातात कापडी पिशवी. आम्हाला वाटलं, कुणाचा तरी डबा घरी राहिलाय आणि आजोबा तो द्यायला आलेत. ते सरळ आत आले आणि पहिल्या बाकावर बसले.

हेच मामा, आसपासच्या गावांतले लग्नाचे आचारी; वर्गात सगळेच त्यांना मामा म्हणायला लागले. बुंदी पाडावी तर त्यांनीच, असं नाव. हे कळल्यावर आमचे सर बिचकलेच. सर जेमतेम अठ्ठावीसचे. त्यांनी विचारलं, तुम्ही इथं काय शिकणार? मामा उठून उभे राहिले.

“कारभारणीचा उजवा हात गेला, लकव्यानं. आता घरी मला करावं लागतंय. मला हजाराचं येतं सर, दोघांचं येत न्हाई.”

अख्खा वर्ग हसला, आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण, ते सांगायला नको. सरांनी समजावून पाहिलं की इथं हॉटेल लाईनचं शिकवतात, सूप, पास्ता, बेकरी, असलं. मामा म्हणाले, काय बी शिकवा, पण थोडं थोडं शिकवा.

त्यांच्या घरी वाटणीच तशी होती. गावाचं जेवण मामांनी करायचं आणि घरचं मामींनी. एवढ्या वर्षांच्या संसारात घरातला गॅस त्यांनी कधी पेटवला नव्हता. आता भावजयीकडून डबा यायचा आणि तो आला की मामी भिंतीकडं तोंड करून झोपायच्या. भूक नाही म्हणायच्या. दुसऱ्याच्या दारच्या अन्नावर जगायची त्या बाईला सवय नव्हती, आणि नवऱ्याला ते बघवत नव्हतं. हे मामांनी मला पुढं सांगितलं. आधी कळलं असतं तर मी जरा कमी हसले असते.

ओट्यावर दोघादोघांच्या जोड्या असत. मी उशिरा पोहोचले म्हणून माझ्या वाट्याला मामा आले. दोन दिवस मी तोंड पाडून होते. मग आम्हाला त्या उंच पांढऱ्या शेफच्या टोप्या मिळाल्या. डोक्यावरची टोपी काढायला मामा काही तयार होईनात. शेवटी त्यांनी टोपीवर टोपी घातली आणि गंभीर चेहऱ्यानं कांदा चिरायला घेतला. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

चौघांची डाळ करा म्हटल्यावर त्यांनी विचारलं, चौघं म्हणजे चार घरं का? कांदा दोन म्हटलं की ते पिशवी दोन धरायचे. तीन-तीनदा सांगून डाळ व्हायची ती आमच्या वर्गाला पुरून खालच्या मोबाईलच्या दुकानात जायची. दुकानदार पुढं पुढं आम्हाला विचारायला लागला की आज काय आहे.

मिठाचं तर बोलूच नका. मामा स्वयंपाकाची चव घेत नसत. निवद दाखवायच्या आधी तोंडाला लावायचं न्हाई, हा त्यांचा जन्माचा नेम. सर म्हणायचे, शेफनं चव घेतलीच पाहिजे. मामा हात जोडायचे. हजाराच्या भाजीत मीठ किती, ते त्यांचा हात बरोबर टाकायचा. चौघांच्या भाजीपुढं त्याच हाताला काही सुधरायचं नाही. एक दिवस डाळ खारटच खारट, दुसऱ्या दिवशी मिळमिळीत. त्यांच्या वतीनं चव घ्यायचं मी कबूल केलं आणि सहा महिने नुसतं पाणी पीत होते.

सरांनी एकदा कॅरॅमल कस्टर्ड साच्यातून काढून ताटलीत उलटं केलं. ते थरथरत उभं राहिलं. आम्ही पोरींनी फोटो काढायला सुरुवात केली. मामांनी वाकून बघितलं आणि काळजीनं विचारलं, “सर, हे अजून शिजतंय का?”

शिकलेलं ते घरी करून बघायचे आणि सोमवारी मला अहवाल द्यायचे. पहिलं पिठलं त्यांनी दोघांसाठी केलं, ते गल्लीनं दोन दिवस खाल्लं. मामी म्हणाल्या, “माझा हात गेलाय, पोट तेवढंच हाय.” हे सांगताना मामा असे खूश, की जणू बायकोला कुठलं तरी बक्षीस मिळालंय. पुढच्या वेळी पिठलं बरोबर दोघांचं झालं, पण मीठ दहाजणांचं पडलं. मग मामींनी जाहीरच करून टाकलं की परीक्षा पास होऊन या, तोवर तुमच्या हातचं मी खाणार नाही.

आता आली का पंचाईत. मामींचा शब्द म्हणजे शब्द. मामा नापास झाले तर ती बाई भावजयीच्या डब्याकडं पाठ करून आणखी किती वाळणार, देव जाणे. मला माझ्या परीक्षेपेक्षा त्यांच्या परीक्षेचीच धास्ती बसली. कारण परीक्षेत जोडी नव्हती. चौघांचा पुलाव आणि कस्टर्ड, ज्याचं त्यानं करायचं. मूठ काढायला कुणी नाही, चव घ्यायला कुणी नाही.

मी त्यांना म्हटलं, तांदूळ मोजताना उजवा हात अॅप्रनच्या पट्ट्यात खोचून ठेवा. काही झालं तरी काढू नका. परीक्षेला शेजारच्या ओट्यावरून मी बघत होते. मामांनी डाव्या हातानं तांदूळ मोजले, दाराकडं बघितलं, आणि खोचलेला हात नुसता वळवळला. तसेच एका हातानं कांदा धरायला गेले, तो घरंगळून खाली. तो उचलताना ते माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, “एका हातानं लई अवघड हाय, पोरी. ती कसं करीत आसंल?”

परीक्षक नगरहून आलेले, एक साहेब आणि एक मॅडम. रीत अशी की त्यांनी प्रत्येक ओट्यापाशी उभं राहून चमचाभर खायचं आणि मार्क द्यायचे. पहिला ओटा मामांचा. साहेबांनी चमचा पुढं केला, तर मामांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

“उभ्यानं?”

त्यांना ते सहनच होईना. त्यांनी स्टुलं ओढली, फडक्यानं पुसली, चार ताटं मांडली. साहेब आणि मॅडम काय होतंय ते कळायच्या आत बसलेसुद्धा. मामा म्हणाले, चार पानं मांडलीत, दोन रिकामी ठेवून पंगतीला सुरुवात कशी करू? म्हणून सरांना बसवलं. चौथं कोण, तर जिना झाडणाऱ्या मावशींना झाडू ठेवायला लावून बसवलं. मग पुलाव वाढला.

मॅडमनी पहिला घास घेतला आणि त्या थांबल्या. मॅडम म्हणाल्या, यात मीठ नाहीये.

मामा शांतपणे म्हणाले, “डाव्या हाताला वाढलंय बाई. सगळ्यात आधी वाढलंय.”

खरंच होतं. चारी ताटांत डावीकडं मिठाची चिमूट आणि लिंबाची फोड. जन्मभर पंगतीत जेवलेल्या बाई, त्या काय बोलणार? त्यांनी मीठ कालवलं, लिंबू पिळलं आणि जेवायला लागल्या. चौघंही पोटभर जेवले. मामा मध्ये मध्ये लाजू नका, लाजू नका म्हणत फिरत होते. कस्टर्डही गेलं. मग परीक्षक हात धुऊन आमच्या ओट्यांकडं आले, आमचे पुलाव नुसते वासावर तपासले आणि भराभर मार्क देऊन टाकले. त्या वर्षी आमच्या वर्गात कुणीच नापास झालं नाही. त्यात आमच्या हुशारीचा काही संबंध नाही.

मामांनी पातेलं तिरकं करून मला दाखवलं. तळाला शीतसुद्धा नव्हतं. “चौघांत बसलं,” ते म्हणाले, आणि टोपीवरची टोपी काढून डोळे पुसले.

पुढच्या रविवारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. तिघांचं करताना माणूस घामाघूम झाला होता. मामींच्या ताटात डाव्या बाजूला मीठ. त्या डाव्या हातानं सावकाश जेवल्या, ताट पुसून घेतलं आणि म्हणाल्या, “उरलं न्हाई, म्हंजी जमलं.” मला एवढं बरं वाटलं की मी तिसऱ्यांदा भात मागितला. तो नव्हता. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला, आणि मामी मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

भावजयीचा डबा बंद झाला. शिर्डीच्या हॉटेलांत चार ठिकाणी राबून मी परत आमच्याच इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. मामांचा अधूनमधून फोन यायचा. आज दोघांची थालीपीठं केली, आज दोघांचा शिरा. मग फोन येईनासा झाला. मामी गेल्याचं मला उशिरा कळलं.

परवा दुपारी वर्ग सुटला आणि दारात मामा. तीच टोपी, तीच पिशवी. आत आले आणि पहिल्या बाकावर बसले. मी पाणी दिलं. ते प्याले नाहीत.

“पोरी, एकाचं शिकायचंय,” ते म्हणाले. “दोघांचंच होतंय अजून. मग तिचं ताट मांडलं जातं.”

मी अॅप्रन आणला, त्यांच्या कमरेला बांधला, लहान पातेलं आणि अर्धी वाटी पुढं ठेवली. त्यांनी तांदूळ घेतले. पातेल्याचा तळसुद्धा झाकला नाही. मग त्यांची मान दाराकडं वळली, हात डब्यात गेला आणि एक मूठ पातेल्यात पडली.

“कुणी आलं तर?” या वेळी ते मला विचारत होते.

सवयीनं माझा हात पुढं गेला होता. तो मी मागं घेतला, स्टूल ओढलं आणि बसले.

“आलेय की मामा,” मी म्हटलं. “मीठ वाढा आधी.”