मोडलेला गुरुवार

माझी भक्ती कुठेतरी कमी पडते आहे, ही शंका मला दोन वर्षांपूर्वी यायला लागली. श्वासाचा आजार तसा जुना. विडीला कधी हात लावला नाही, पण लहानपणी चुलीपुढे बसून पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, धूर पुष्कळ गिळला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं तेव्हापासूनच खराब होत आली. औषधाचा पंप चालू होताच. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी त्याच्या जोडीला उपास धरले. आधी गुरुवार, मग सोमवार, मग शनिवार. चतुर्थी आणि एकादशी होतीच. जसजसे वार वाढले तसतशी मी वाळत गेले. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, पाटावरून उठताना भिंत धरावी लागे. देव ऐकत नाही, म्हणून मी आणखी एक वार धरायच्या विचारात होते. शाळेतल्या बाईंचा हट्ट, दुसरं काय!

वर्ध्याच्या दवाखान्यात आहार सांगणाऱ्या मॅडमनी टेपने माझी मांडी मोजली. मग म्हणाल्या, "तुमच्या शरीराला नुसता श्वास घ्यायलाच इतरांपेक्षा जास्त मेहनत पडते. बाहेरून पुरेसं अन्न मिळालं नाही की ते तुमचेच स्नायू मोडून खातं. अशानं एक दिवस अंथरुणातून उठता येणार नाही." रोज डाळ, उसळ, दूध, दही आणि थोडा व्यायाम, असं त्यांनी लिहून दिलं. साबुदाणा आणि भगरीनं पोट भरतं, स्नायू भरत नाहीत, हेही सांगितलं. मी मान डोलावली. घरी आल्यावर उपास तसेच चालू ठेवले.

सून मनीषा ऑफिसला जाण्यापूर्वी रोज सकाळी मुगाची वाटीभर उसळ माझ्यापुढे ठेवून जायची. आमच्या बोरगाव मेघेच्या घरामागे शेजाऱ्यांची गाय बांधलेली असते. भूक मेलीच होती, म्हणून उपास असो नसो, ती वाटी मी कुंपणावरून गाईपुढे रिकामी करायची. तेवढाच गोग्रास! संध्याकाळी मनीषाने विचारलं की "खाल्लं" म्हणायची. आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, आणि म्हातारपणी उसळीवरून रोज खोटं बोलत होते. याची लाज मला आज वाटते, तेव्हा वाटली नाही.

गिरडच्या टेकडीवर बाबांच्या दर्ग्याला जाऊन पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढेन, असा नवस मी बोलले होते. एका गुरुवारी मुलाने गाडीतून नेलं. वाटेत तो म्हणालाही, "आई, आधी पोटोबा, मग विठोबा." निम्म्या पायऱ्यांवर मांड्या थरथरायला लागल्या आणि मी खाली बसले. नवल म्हणजे श्वास अजून पुरत होता, पायच उचलत नव्हते. मुलगा गाडीतली घडीची खुर्ची आणायला खाली गेला. मॅडमचं बोलणं मला त्या पायरीवर प्रथम खरं वाटलं आणि मी फार घाबरले.

तेवढ्यात पन्नाशीतली एक बाई शेजारी येऊन बसली.

"काऊन वो बाई, दम भरला काय?"

"दम नाई. पायच उचलून नाई राह्यले."

तिने पिशवीतून डबा काढला. ज्वारीची भाकर आणि चण्याची उसळ. अर्धी भाकर माझ्यापुढे धरली. मी हात जोडून म्हटलं, "आज माझा गुरुवार आहे."

ती म्हणाली, "माहाही नेमच हाये, बाई. माह्या घरच्याईले, माह्या मालकाले, श्वासाचा रोग होता. खाणं सुटलं, अंग वाळलं, शेवटी घास चावाचीही ताकद नाई राह्यली. ते गेले तवापासून इथं आलो का पायरीवर थकून बसेल माणसाले जेवू घालतो, मंगच मी खातो. सकाळी रोहण्याहून निघालो. तिघाईले विचारलं, कोणी हो नाई म्हटलं."

तिचे ओठ सुकले होते. माझा नेम राखला तर तिचा मोडत होता, आणि उपाशी तीही राहत होती. धरल्यापासून एकही गुरुवार मोडला नव्हता. त्याचा मला किती गर्व होता, ते त्या घटकेला कळलं. मी मनात म्हटलं, बाबा, आता तुम्हीच बघा. आणि घास घेतला. मी खाताना ती बघत बसली, मग राहिलेली भाकर खाऊन वर निघून गेली. नाव विचारायचं राहिलंच. मुलगा खुर्ची घेऊन आला, पण त्या दिवशी मी वर गेले नाही. तिथूनच डोकं टेकवलं.

आजार बरा झालेला नाही, होणारही नाही. पण आता रोज डाळ-उसळ खाते, खुर्चीवरून दहा वेळा उठते-बसते, आणि माझी आंघोळ मी माझ्या हाताने करते. मागच्या थंडीत त्या पायऱ्या थांबत थांबत शेवटपर्यंत चढले.

पण त्या गुरुवारची संध्याकाळ सांगायची राहिली. घरी आल्यावर मी मनीषाजवळ सगळं कबूल केलं. ती हसली. "मले माहीत होतं, आई. गाय फुगून राह्यली अन् तुम्ही वाळून राह्यल्या, दिसत नाई काय मले? म्हणून तं तीन महिन्यांपासून तुमच्या चहात दुधाची भुकटी टाकून राह्यली. उपासाले चालते, मी देवळात विचारून घेतलं होतं."

मला रडू आवरेना. माझा नेम मोडू न देता ती मला जगवत होती. देव ऐकत नाही म्हणून मी त्याच्याशी भांडत होते, आणि तो सकाळ-संध्याकाळ माझ्या हातात कप देत होता. आणि ते तीन महिने मी काय करत होते? चहा फार दाट होतो म्हणून रोज तिच्यावर कुरकुरत होते.