मार्कंड्याच्या बाईसाहेब

"मास्तरले जंत झाले म्हणतेत वो."

"त्याले नाई झाले. त्यानं पाळले. बाटलीत."

मूलहून चांद्याला येणाऱ्या मोटारीत माझ्या मागच्या बाकावर दोन बायका हे बोलत होत्या, आणि ती बाटली माझ्या मांडीवर होती. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मास्तर पुढे ड्रायव्हरजवळ बसून त्याला सांगत होते, की खड्डे जरा जपून घे, मागे बाईसाहेब आहेत. ड्रायव्हरनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि मोटार खरंच हळू केली. बाईसाहेब बाटलीतल्या चिखलात आहेत आणि तांदळाच्या कणीएवढ्याही नाहीत, हे त्याला सांगणं मला जमलं नाही.

किड्यामुंग्यांवर माया करणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण किड्याच्या अब्रूला इतकं जपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मास्तर आमचे शेजारी. हायस्कुलात तीस वर्षं सायन्स शिकवून निवृत्त झालेले. मी त्यांना काका म्हणायची. माझे वडील जंगलखात्यात, त्यांची बदली चांद्याला झाली आणि मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून दोन गोष्टी शिकून घरी आले: इंग्रजी आणि गप्प बसणं. काकांना दोन्ही हवं होतं. शिवाय माझी चित्रकला बरी होती. "ही मुलगी बोलत नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी वडिलांना सांगितलं, "म्हणजे शास्त्रासाठीच जन्मली आहे." वडिलांना माझ्या लग्नाची काळजी होती. त्यांनी नुसती मान हलवली.

जंत हा शब्द काकांना सहन होत नसे. "जंत पोटात असतात," ते म्हणत. "या ओल्या शेवाळात राहतात. कुणाच्या पोटात शिरत नाहीत, कुणाचं आयतं खात नाहीत. स्वतः शिकार करून जगतात. आपल्या गल्लीत असं किती जणांबद्दल सांगता येईल?" मार्कंड्याच्या देवळाखाली, वैनगंगेच्या काठच्या दगडांवर जे शेवाळ असतं, त्यात त्यांना या बाईसाहेब सापडल्या होत्या. माणसं तिथं देवदर्शनाला येत; काका देवाला दुरूनच हात जोडून थेट चिखलात बसत. एकदा मासे विकणारी एक बाई बराच वेळ त्यांच्याकडे पाहत उभी राहिली.

"मास्तर, मासोळी घ्या जी. चिखल कायले नेता?"

"यात एक किडा आहे, बाई."

"खाता येते का त्याले?"

"नाही."

"विकता येते?"

"नाही."

"मंग काऊन येता एवढ्या दुरून?"

काकांनी तिला बाईसाहेबांची अन्ननलिका, आतडं आणि अंडी यांची सविस्तर माहिती दिली. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरी बाई काय म्हनते?"

घरी काकू पुष्कळ म्हणत. चिखल फडक्यात बांधून पाण्यानं भरलेल्या नरसाळ्यात ठेवला, की किडे खाली उतरतात. म्हणून घरातलं तेलाचं नरसाळं गेलं. फडकं तलम लागतं, म्हणून काकूंच्या ठेवणीतल्या लुगड्याचा पदर गेला. पण खरा वाद पापण्यांवरून झाला. इतका बारीक किडा पाण्यातून उचलायला चिमटा चालत नाही. बांबूच्या काडीच्या टोकाला पापणीचा एक केस चिकटवायचा आणि त्यानं अलगद उचलायचं. काकांनी आधी स्वतःच्या पापण्या संपवल्या. मग ते समोरच्या माणसाच्या डोळ्यांत फार एकाग्रपणे पाहू लागले. पोस्टमननं आमच्याकडे तशी तक्रारही केली. "लग्नाले चाळीस वर्षं झाली," काकू मला म्हणाल्या, "माझ्या डोळ्याकडे यांनी पहिल्यांदा पाह्यलं, तं ते पापणीसाठी." पण पापणी त्यांनी दिली. एक नाही, पाच.

बाईसाहेबांना गरम पाण्यात टाकून मारावं लागे, म्हणजे शरीर सरळ राहतं आणि मोजता येतं. त्याआधी काका चपला काढून नमस्कार करत. मग खिडकीतल्या उजेडात मायक्रोस्कोपला एक डोळा लावून ते सांगत आणि मी लिहून घेई: लांबी इतकी, रुंदी इतकी, शेपूट इतकी. नवी जात म्हणायचं, तर आधीच्या कुणाहून ती कशानं वेगळी, हे दाखवावं लागतं. काकांकडे ते होतं. शेपटीच्या टोकाशी तीन काळे ठिपके. किड्यांवरच्या त्यांच्या जाड ग्रंथातल्या एकाही चित्रात तसे ठिपके नव्हते. कलकत्त्याच्या एका मोठ्या तज्ज्ञांनी उत्तर पाठवलं होतं, की सविस्तर वर्णन पाठवा, छापण्याजोगं वाटलं तर छापू. काकांनी नावही ठरवलं, लॅटिनमध्ये 'तीन ठिपक्यांची' अशा अर्थाचं. "एकदा छापलं की कायमचं," ते म्हणाले. "मग ते बदलायची कुणाची ताकद नाही."

मला मात्र ठिपके दिसत नव्हते. मी ते काकांच्या सांगण्यावरून काढले होते. मोठ्या माणसांना दिसतं ते आपल्याला दिसत नसेल, तर दोष आपला, अशी माझी तेव्हा समजूत होती. काका इतरही पुष्कळ गोष्टी पाहत. आमच्या दोरीवर वाळत घातलेल्या वडिलांच्या खाकी सदऱ्याशी ते एकदा पाच मिनिटं बोलले, आणि "साहेब हल्ली बोलत नाहीत" म्हणून रुसून गेले. ऐन थंडीत एकही माशी नसताना माश्या हाकलत बसत. मला हे सगळं विद्वत्तेचं लक्षण वाटे.

मग एका दुपारी मी काचपट्टी धुऊन, पुसून, तिच्यावर नुसता पाण्याचा थेंब ठेवून मायक्रोस्कोपखाली सरकवली. बाईसाहेब अजून बशीतच होत्या. मी काडी शोधायला वळले, तोवर काकांनी डोळा लावलाही होता.

"ठिपके सापडले," ते आनंदानं म्हणाले. "आता शेपूट कुठं गेली ते बघ."

मी हसले नाही. मोतीबिंदू न पिकलेला काकांचा एक डोळा तरी असावा म्हणून मी मनातल्या मनात देवाला विनवलं, आणि त्या दिवशी घरी लवकर गेले.

सांगितलं असतं, तर काकांची नवी जात गेली असती, आणि डोळे जात आहेत हेही त्यांना कळलं असतं. न सांगितलं असतं, तर कलकत्त्याच्या लोकांनी पहिल्याच काचपट्टीत शेपूट स्वच्छ पाहिली असती आणि चांद्याच्या मास्तरांवर हसले असते. तीन दिवस काका जेवायला उठले, की मी एकटीच मायक्रोस्कोपला डोळा लावून बसत होते. शेपूट सोडून दिली. डोक्यापासून पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी सर्वांत मोठ्या भिंगातून तोंडाच्या आत पाहिलं, मग दुसरी काचपट्टी, मग तिसरी. ग्रंथ उघडून या घराण्यातल्या सगळ्यांची तोंडं तपासली. प्रत्येकीला एकच दात. मग रात्रीपर्यंत न थांबता, उजेड असेतोच, मी एक नवं चित्र काढलं आणि वहीत लपवलं.

आता काका-काकू मुलाकडे राहायला गेलेत आणि त्या खिडकीत दुसऱ्या कुणाची तुळस आहे. पण मला अजून ती खोली दिसते, तशी दुसरी कुठलीच दिसत नाही. कागद कलकत्त्याला पाठवायचे त्या दिवशी पार्सल शिवायला काकूंनी सुईदोरा आणला होता. टपालाची मोटार चारला सुटायची होती. काकांनी कागद जुळवले, नाव असलेल्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं आणि विचारलं, "काही राहिलं का ग?"

वर्गातही ते असंच विचारत असणार, उत्तराची वाट न पाहता. पण काकूंना दोरा ओवायला वेळ लागत होता, म्हणून प्रश्न तसाच खोलीत राहिला. मी वहीतून चित्र काढून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

"अग, ठिपके विसरलीस."

काकूंचा हात थांबला. त्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या पाहण्यावरून मला कळलं, की त्यांना हे केव्हाचंच ठाऊक आहे.

"विसरले नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "ठिपके तुमच्या डोळ्यांत आहेत, काका. पण बाईसाहेबांना दात दोन आहेत."