वापरलेल्या कोळशाचं पाणी

औषधाच्या कारखान्यात सांडपाणी विभागातल्या त्या ऑपरेटरला सगळे ‘भागवू’ म्हणत. काहीही तुटो, फुटो, संपो, त्याचं उत्तर ठरलेलं: “नवीन कशाला? भागवू की!” साधा झिजलेला वॉशर टाकायचा म्हटलं तरी त्याच्या जिवावर यायचं. बायको लवकर गेली, लेकीला एकट्यानं वाढवलं, तेही इकडचं तिकडे करून. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. ह्या गड्यानं ते भरून दाखवलं होतं.

कामाला मात्र चोख. कारखान्यातून अँटिबायोटिक मिसळलेलं पाणी यायचं. त्यात आधी ओझोन वायू सोडायचा, म्हणजे औषधाचे तुकडे व्हायचे. त्यातूनही उरलेलं औषध कोळशाच्या उंच टाकीत अडकायचं. ते तसंच नदीत गेलं तर जंतू त्याला सरावतात आणि मग माणसाला ते औषध लागू पडत नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडपाठ सांगे. इतकं कळणाऱ्या माणसानं पुढं जे केलं, त्याला काय म्हणावं?

सहा महिन्यांनी टाकीतला कोळसा बदलला. जुना भट्टीत जाळायला जायचा होता. त्यातली एक गोणी भागवूनं गुपचूप घरी नेली. सात पाण्यांनी धुतली, गच्चीवर वाळवली. कोळसा नव्यासारखा दिसायला लागला. लेक आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन राहायला आली होती आणि नळाला पिवळट पाणी येत होतं. आजोबांनी पिंपात वाळू घातली, वर कोळसा घातला, खाली तोटी बसवली. पाणी काचेसारखं! नातीचं दूध त्याच पाण्यात कालवलं जाऊ लागलं.

दोन महिने असेच गेले. मग एक दिवस तो ऐटीत बाटली भरून लॅबमधल्या मॅडमकडे गेला. “मशीनला लावा, मॅडम. घरचं पाणी कसं असावं ते बघा.”

मॅडमनी एकदा लावलं. भुवया चढवल्या. पुन्हा लावलं.

“हे आपण नदीत सोडतो त्याहून वाईट आहे. आपलंच औषध आहे यात. कोळसा कुठला वापरलात?”

त्यानं सांगितलं. मॅडम खुर्चीतून उठल्याच. “अहो, त्याचं पोट भरलं म्हणून तर आपण तो काढला! सहा महिने पकडलेलं औषध साध्या पाण्यात तो परत सोडणारच.”

“पण आम्ही उकळून देतो...”

“उकळून जंतू मरतात. औषध कुठं जाणार?”

भागवूला नात आठवली. तीन आठवडे नातीचं पोट बिघडलेलं होतं. डॉक्टरांचं औषध लागू पडत नव्हतं. आणि तो लेकीला सांगत होता, पाणी भरपूर पाज! ज्या हातांनी नदी राखली, त्याच हातांनी हे केलं. बस मिळेना तसा तो पायीच सुटला.

घरी येऊन त्यानं पिंप आडवं केलं. पाणी, वाळू, कोळसा सगळं मोरीत पसरलं. लेक धावत आली.

“बाबा, काय करताय हे?”

त्यानं काहीही न लपवता सगळं सांगितलं. “माझं चुकलं गं. चल, पोरीला डॉक्टरकडे नेऊ. काय पाजलं ते मीच सांगतो.”

ती ओरडेल, रडेल, असं त्याला वाटलं. तिनं मान वळवून शेजारच्या दाराकडे पाहिलं.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “शेजारच्या वहिनींचं बाळ सव्वा महिन्याचं आहे. त्याच्या दुधासाठी मी रोज त्यांना एक कॅन भरून देते. त्या नको नको म्हणत होत्या. मीच म्हटलं, बिनधास्त घ्या, माझ्या बाबांना पाण्यातलं सगळं कळतं.”