मुलगी पाहायला नेलेली हॅट

अर्जदार: मी, अर्जनवीस, बुलढाणा. सामनेवाली: पत्नी शांता. साक्षीदार: सासरे, राहणार उंद्री, आता कैलासवासी.

आज जुन्या टोप्यांची पेटी उघडताच डांबरगोळ्यांच्या वासाने मला उंद्रीस नेले. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवे होते. मलकापूरच्या बाजारात मिळालेली गोऱ्या साहेबाची हॅट घालून मी मुलगी पाहण्यास गेलो. वसुलीचा साहेब समजून सासऱ्यांनी दारच लावले. सोयरीक मोडणार, या धास्तीने मी घामाने निथळलो.

तोच खिडकीतून शांता ओरडली, "अवो बाबा, उघडा! साहेबाले एवढा घाम सुटते काय? पाव्हणा हाय थो!"

तेव्हा मेल्याहून मेलो. आज त्या घामाचे उपकार स्मरतो.

तरी त्या दिवशी पसंती मला दिली की हॅटला, याचा खुलासा सामनेवालीने उभयतांच्या हयातीत करावा, ही विनंती.